तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर का?

राळेगणसिद्धीला लोक पाणी पाहायला जातात. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आम्ही गेलो होतो ते एका नोकरीचा निकाल लावायला. आमची बहीण त्या गावात दिलेली आहे. तिची थोरली मुलगी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन इंजिनियर झाली. शैक्षणिक कर्ज काढून, वसतिगृहात राहून, सुट्टीत शिकवण्या घेऊन ती शिकली. पुण्यात चिपचे डिझाइन करणाऱ्या एका कंपनीने तिला निवडले आणि पत्र पाठवले. पत्रात हुद्दा लिहिला होता ‘व्हेरिफिकेशन इंजिनियर’. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि घरात दोन तट पडले होते.

दाजींचे म्हणणे असे, की डिझाइनचे काम मिळाले असते तर गोष्ट वेगळी. व्हेरिफिकेशन म्हणजे तपासणी. “चार वर्षं कर्ज काढून शिकवलं ते दुसऱ्याच्या चुका काढायला? तसला चेकर तर एस.टी.तपण असतो. त्यापेक्षा सरकारी परीक्षेची तयारी करू दे.” बहिणीला वाटत होते, की हातची नोकरी सोडू नये, पण नोकरी काय आहे हे तिलाही सांगता येईना. शेवटी दोघांनी आमच्याकडे पाहिले. “तुम्ही हिशेबातले माणूस. जन्मभर तपासणीच केलीत. तुम्हीच सांगा.”

वाचकहो, आम्ही बी.कॉम. आहोत. कीर्द, खतावणी आणि तेरीज एवढ्यात आमची निम्मी हयात गेली. चिप म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी विचारले असते तर मोबाइलमध्ये असते ती, एवढेच सांगता आले असते. तेव्हा आम्ही निकाल राखून ठेवला आणि भाचीलाच म्हटले, “चल, गावातून फिरून येऊ. जाता जाता सांग, तुझं काम नेमकं काय ते.”

ती आम्हाला वरच्या अंगाला घेऊन गेली. राळेगणचा परिसर पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला ४००-५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९७५ नंतर अण्णा हजारे लष्करातून परतले आणि गावाने पाणलोटाचे काम हाती घेतले. विलासराव साळुंखे यांच्यासारख्या जाणकाराचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. माथ्यावर समपातळी चर आणि झाडे, उतारावर बांध, ओढ्यावर नालाबंडिंग, खाली पाझर तलाव, आणि पाणी खाणाऱ्या पिकांवर गावाचाच निर्बंध. हे सारे आपण ऐकलेले आहे. भाची म्हणाली, “मामा, समजा यातला एकेक बंधारा तुम्ही ठोकून बघितला. एकही गळत नाही. तर पाणलोट बरोबर झाला असं म्हणाल?”

आम्ही म्हटले, “का नाही म्हणायचं?”

“माथ्यावरचे चर नसतील तर पहिल्याच मोठ्या पावसात गाळ येऊन खालचा पक्का बंधारा भरून जातो. बंधाऱ्यात काही दोष नसतो. दोष दोघांच्या मधे असतो. पाऊस पडला की थेंब माथ्यावरून निघून विहिरीपर्यंत कसा जातो ते बघावं लागतं, तेही कागदावर, बांधायच्या आधी. माझं काम ते आहे. चिपमध्ये असे शेकडो बंधारे असतात.”

उदाहरण पटले, पण चिप डोळ्यांसमोर येईना. तेव्हा तिने आम्हाला खोडदला नेण्याचा बेत केला. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास तिथली महाकाय दुर्बीण सर्वसामान्यांना दाखवतात आणि शाळांची विज्ञान प्रदर्शने भरतात. राळेगणपासून सरळ रेषेत ती जागा चाळीसेक किलोमीटरच असेल. रस्त्याने मात्र बरीच वळणे. भाड्याची जीप केली. पुढे दाजी, मागे आम्ही, बहीण, भाची आणि शेजारची पाच पोरे. भाकरी-ठेच्याचे गाठोडे घेऊन पारनेर, अळकुटी करत आम्ही नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) ओलांडला आणि जुन्नर तालुक्यात शिरलो. मळ्यांच्या वर लांबून तबकड्या दिसू लागल्या तेव्हा जीपमधली पोरे उभीच राहिली.

या दुर्बिणीचे नाव ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, थोडक्यात जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. कल्पना आणि नेतृत्व प्रा. गोविंद स्वरूप यांचे. ते २०२० साली वारले. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आणि अशा ३० तबकड्या. १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर दूरदूर पसरलेल्या. दोन टोकांच्या तबकड्यांमधले अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते. पत्र्याच्या भरीव तबकड्या केल्या असत्या तर वजन आणि खर्च दोन्ही हाताबाहेर गेले असते. म्हणून पोलादी तारांची जाळी ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ इथे निरीक्षणाला वेळ मागतात. आवारात मोबाइल बंद करायला सांगतात. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की आपल्या खिशातला फोन त्यांच्यापुढे ढोल वाजवल्यासारखा होतो.

दाजींचा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता. “एवढ्या तीस कशाला? एकच मोठी बांधायची!” भाची म्हणाली, “एकच पंचवीस किलोमीटरची बांधता येत नाही ना, म्हणून तीस बांधून त्यांची मोट बांधायची. ती मोट बांधणारं यंत्र म्हणजे कोरिलेटर. तेच दाखवायला तुम्हाला आणलंय.”

यंत्राची खोली आम्ही काही पाहिली नाही. पण झाडाखाली बसून भाकरी खाता खाता तिने जे सांगितले ते आम्ही आमच्या वहीत उतरवून घेतले आणि पुढे वाचूनही पाहिले. कारकुनाला त्यात आपलेच काम दिसले, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रत्येक तबकडीवर आकाशातली लहर पडते. ती काचतंतूच्या वाहिनीतून मध्यवर्ती इमारतीत येते आणि तिथे तिचे आकडे होतात. जुन्या व्यवस्थेत लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता. सुधारलेल्या व्यवस्थेत तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला. एवढा पट्टा आकड्यांत पकडायचा तर दर सेकंदाला किमान ८० कोटी नोंदी घ्याव्या लागतात. हे एका वाहिनीचे झाले. प्रत्येक तबकडीच्या दोन वाहिन्या, म्हणजे एकूण ६०. आम्ही तिथेच गुणाकार केला: सेकंदाला ४,८०० कोटी नोंदी. आमच्या अख्ख्या नोकरीत आम्ही किती नोंदी केल्या असतील, याचा विचार करून हसू आले.

आता या नोंदींची जुळवणी. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, कारण तीसातला प्रत्येक उरलेल्या एकोणतिसांशी जोडी करतो आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते म्हणून निम्मे. प्रत्येक जोडीचे आकडे एकमेकांशी गुणायचे आणि बेरीज करत जायचे. पण ते एकाच क्षणाचे हवेत. २५ किलोमीटर अंतर जायला प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ८३ भाग. त्यावर काचतंतूतून येण्याचा वेळ वेगळा, दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद. म्हणजे ज्याची नोंद आधी पोहोचली त्याने दूरच्याची वाट पाहायची. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे किती थांबायचे हेही सतत बदलते. पगारपत्रकावर एका शाखेचे आकडे मार्चचे आणि दुसरीचे एप्रिलचे घेतले तर काय होईल? बेरीज होईलच. अर्थ मात्र राहणार नाही.

इथे ‘सिस्टिम’ पातळीचे डिझाइन सुरू होते. आपल्याला वाटते, की डिझाइन म्हणजे तारा आणि सुटे भाग जोडणे. ते फार पुढचे. आधी ठरवावे लागते, की कोणते काम कोणी करायचे आणि कोणत्या क्रमाने. उदाहरणार्थ, लहरीतले निरनिराळे सूर वेगळे करून पाहायचे असतात. आधी सर्व जोड्यांचे गुणाकार करून मागाहून सूर वेगळे करता येतात, किंवा आधी प्रत्येक तबकडीचे सूर वेगळे करून मग गुणाकार करता येतात. गणित दोन्ही वाटांनी एकच उत्तर देते. पण दुसऱ्या वाटेने सूर वेगळे करण्याचे काम दर वाहिनीमागे एकदाच होते, आणि पहिल्या वाटेत ४३५ जोड्यांपैकी प्रत्येकीला कितीतरी पट गुणाकार करावे लागतात. जीएमआरटीने दुसरी वाट धरली. एकही सर्किट काढण्याआधी, केवळ क्रम बदलून एवढे काम वाचले. आमच्या कार्यालयात असा विचार कोणी केला असता तर मार्चएंडच्या रात्री आम्ही घरी झोपलो असतो.

पुढचा प्रश्न असा, की यातले काय पक्क्या सर्किटने करायचे आणि काय प्रोग्रॅमने? पहिला कोरिलेटर खास सर्किट बोर्डांचा होता. पुढे संगणक वेगवान झाले तेव्हा, २०१० च्या सुमारास, संगणकांचा ताफा जोडून तेच काम सॉफ्टवेअरने होऊ लागले. मग पट्टा रुंद करायची वेळ आली तेव्हा कामाची वाटणी केली. आकडे करून पुढे पाठवणे एफपीजीएकडे, म्हणजे ज्या चिपची आतली जोडणी पुन्हा पुन्हा बदलता येते तिच्याकडे; आणि जड गुणाकार ग्राफिक कार्डांकडे. होय, पोरे ज्यावर गेम खेळतात त्याच जातीची कार्डे. हे सारे करताना जुनी यंत्रणा बंद केली नाही. नवी शेजारी चालू ठेवली. एकाच आकाशाकडे दोन यंत्रणा पाहत असतील तर दोघींची उत्तरे ताडून पाहता येतात.

“आता तपासायचं कसं?” हा प्रश्न आमचा. सेकंदाला हजारो कोटी आकडे येत असतील तर कोणता मायेचा पूत टिकमार्क करत बसणार? भाचीने तीन घड्याळांची गोष्ट सांगितली. समजा, पहिले घड्याळ दुसऱ्यापेक्षा पाच मिनिटे पुढे आहे आणि दुसरे तिसऱ्यापेक्षा तीन मिनिटे पुढे. मग तिसरे पहिल्यापेक्षा आठ मिनिटे मागे असलेच पाहिजे. पाच अधिक तीन वजा आठ, शून्य. तिन्ही घड्याळे चुकीची असली तरी ही बेरीज शून्यच येणार. ती शून्य आली नाही तर दोष घड्याळांचा नाही. घड्याळे ताडून पाहणाऱ्याचा आहे. तबकड्यांचेही तसेच. एखाद्या ठळक, बिंदूसारख्या ताऱ्यावर (त्या भाषेत रेडिओ स्रोतावर) सगळ्यांची तोंडे वळवायची आणि कोणत्याही तीन तबकड्यांचा त्रिकोण घेऊन फेरी पूर्ण करायची. बेरीज शून्याशी जुळली नाही, तर कोरिलेटरच्या पोटात काहीतरी बिनसले आहे. एकेका तबकडीच्या आपापल्या चुका त्या फेरीत आपोआप खोडल्या जातात.

दाजी हे ऐकून गप्प झाले. आम्हाला मात्र एक जुनी जखम आठवली.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका लहानशा पतसंस्थेत खतावणी लिहायला होतो. सहामाहीची तेरीज पैशापर्यंत जुळली. आम्ही खूश, वरिष्ठ खूश. महिन्याभराने भाजी विकणारी एक म्हातारी पासबुक घेऊन काउंटरशी आली. तिने भरलेले ५०० रुपये पासबुकात होते, आमच्या खतावणीत नव्हते. तिच्याच आडनावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्याला आम्ही ते लिहून बसलो होतो. रक्कम बरोबर, बाजू बरोबर, खाते तेवढे चुकले. तेरजेला ते कळण्याचे कारणच नव्हते. जमेची आणि नावेची बेरीज सारखीच येत होती. म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण तिने पासबुक जपून ठेवले होते आणि ते आमच्या वहीवरून उतरवलेले नव्हते, पैसे घेताना काउंटरवर वेगळे लिहिलेले होते. म्हणून चूक सापडली. आमच्या खतावणीवरूनच पासबुक भरले असते तर दोन्हीकडे एकच चूक दिसली असती आणि म्हातारी खोटी ठरली असती.

हे सांगितल्यावर भाची एकदम म्हणाली, “मामा, हेच! आमच्याकडे याला रेफरन्स मॉडेल म्हणतात.” तिचे म्हणणे असे. चिप कशी वागली पाहिजे याचे एक टिपण असते. ते वाचून डिझाइन करणारा सर्किटाचे वर्णन लिहितो. तेच टिपण दुसरा माणूस स्वतंत्रपणे वाचतो आणि संगणकात तिचे वागणे वेगळ्या तऱ्हेने लिहितो. मग दोघांना एकच माल घालायचा आणि उत्तरे ताडायची. हे सारे चिप बनण्याच्या आधी, संगणकात. दोघेही एकाच माणसाने लिहिले तर टिपणाचा जो चुकीचा अर्थ त्याने लावला तो दोन्हीकडे उतरेल. म्हणून पडताळणारा वेगळा लागतो, आणि त्याला डिझाइन करणाऱ्याइतकीच अक्कल लागते. हातची वही खोडता येते. चिप एकदा कारखान्यात छापली की खोडरबर चालत नाही.

सगळे प्रकार घालून पाहणे शक्य नसते, हेही तिने दाखवून दिले. ३२-३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज घ्या. किती वेगवेगळ्या जोड्या घालून पाहाव्या लागतील? सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८४ वर्षे लागतील. आणि ही नुसती बेरीज! म्हणून कुठे चूक दडू शकेल याचा अंदाज बांधून नेमके तिथे बोट ठेवायचे, काही भाग गणिताने सिद्ध करायचे, काही ठिकाणी यादृच्छिक आकडे सोडायचे आणि आपण कोणते कोपरे अजून झाडले नाहीत याची नोंद ठेवायची.

कोपरा राहिला तर काय होते, याचे जगजाहीर उदाहरण १९९४ चे. इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकारासाठी एक तक्ता होता. त्यातल्या १,०६६ घरांपैकी पाच घरे रिकामी राहिली. अमेरिकेत थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाला आपल्या हिशेबात विसंगती दिसली. आधी त्यांनी स्वतःच्या प्रोग्रॅमवर, मग यंत्राच्या इतर भागांवर संशय घेतला आणि शेवटी चिपवर बोट ठेवले. हिशेबाची आवड असणाऱ्यांनी हातानेच करून पाहावे: ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२०… येते. ती चिप १.३३३७३९… असे सांगत होती. कंपनीला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च वहीत धरावा लागला. पाच रिकाम्या घरांची ही किंमत!

खुद्द खोडदशी नाते असलेली घटना मात्र याहून बोलकी आहे. १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री मंगळावर ‘स्किआपरेली’ नावाचे युरोपीय यान उतरत होते. त्याचा क्षीण संकेत थेट पृथ्वीवर ऐकण्याचे काम जीएमआरटीकडे होते. मंगळाहून संकेत यायला त्या दिवशी सुमारे दहा मिनिटे लागत होती. खोडदला तो ऐकू आला. यान वातावरणात शिरले, पॅराशूट उघडले, आणि जमीन गाठण्याच्या थोडे आधी संकेत थांबला. यान आपटून फुटले होते.

चौकशीत काय निघाले? यानातले उंची मोजणारे रडार बरोबर चालत होते. यानाचे फिरणे मोजणारे उपकरण पॅराशूटच्या हिसक्याने आपल्या कमाल मर्यादेला टेकले आणि सुमारे एक सेकंद तिथेच राहिले. अपेक्षेपेक्षा जास्त वेळ. तो आकडा खरा धरून संगणकाने हिशेब केला आणि उत्तर काढले, की आपली उंची शून्याच्या खाली आहे, म्हणजे आपण जमिनीच्या आत आहोत! मग त्याने शिकवल्याप्रमाणे केले. पॅराशूट सोडले, वेग रोखणारे धक्के जेमतेम तीन सेकंद देऊन थांबवले आणि उतरल्यानंतरची उपकरणे सुरू केली. प्रत्यक्षात यान ३.७ किलोमीटर उंचीवर होते. कोणताही भाग मोडलेला नव्हता. प्रत्येक बंधारा पक्का होता. ‘उंची उणे आली तर विश्वास ठेवू नकोस’ असे संगणकाला कोणी सांगितले नव्हते. अपघातानंतर संगणकावर तीच परिस्थिती उभी केली तेव्हा तेच घडले. आधी उभी केली असती तर आधीच कळले असते.

दाजी म्हणाले, “मायला, जमिनीच्या आत आहे म्हणल्यावर कुणालापण कळंल की काहीतरी चुकलंय.”

“तेच तर,” भाची म्हणाली. “माणसाला कळतं. चिपला कळायला कुणीतरी आधी विचार करावा लागतो. त्या ‘कुणीतरी’ची नोकरी आलीय मला.”

आपल्या महाराष्ट्रात हे शास्त्र नवे नाही, हेही आम्हाला त्या निमित्ताने कळले. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. माधव देसाई यांच्या गटाने ‘अजित’ नावाचा मायक्रोप्रोसेसर तयार केला. २०१९ मध्ये त्याची बरीच वार्ता झाली. मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने तो छापला. आजच्या मोबाइलच्या मानाने हे जुने तंत्र. पण घरचे, आणि मीटर-यंत्रांना पुरेसे. याच गटाची ‘अहिर’ नावाची साधने आहेत. सर्किट एकेक तार जोडून काढण्याऐवजी, काम काय करायचे ते वरच्या पातळीवर लिहायचे आणि त्यावरून सर्किटाचे वर्णन साधनाकडून काढून घ्यायचे. वरच्या पातळीवर लिहिलेले आधी चालवून पाहता येते, हा त्यातला मोठा लाभ.

आणि एक यंत्र तर आपण सगळेच हाताळतो. मतदान यंत्र. त्याच्या आत काय आहे ते आपल्या कार्यकर्त्याला दिसत नाही. पण सिस्टिम पातळीची पडताळणी त्याच्याही हातात ठेवलेली आहे. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान करून निकाल ताडून दाखवतात. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कागदी चिठ्ठी आली. २०१९ पासून दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून आकड्याशी ताडतात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी करून आणि खर्च भरून, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. हे पुरेसे आहे का, याबद्दल मतभेद आहेत आणि ते असावेत. चिठ्ठी म्हणजे त्या म्हातारीचे पासबुक. किती पासबुके ताडायची हा वादाचा विषय होऊ शकतो. पण आमचे गाऱ्हाणे आधी आपल्याच माणसांविषयी आहे. पहाटे अभिरूप मतदानाला हजर राहायचे तेव्हा आपले प्रतिनिधी झोपलेले असतात, चहा पिऊन केंद्रावर पोहोचतात तोवर ५० मते होऊन गेलेली असतात, आणि संध्याकाळी यंत्राबद्दल सर्वांत मोठ्याने तेच बोलतात. आम्ही स्वतः एकदा असे उशिरा पोहोचलो आहोत, हे कबूल करतो.

खोडदहून परतताना अळकुटीजवळ जीप पंक्चर झाली. स्टेपनीत हवा नव्हती. चालक म्हणाला, “गाडी कालच सर्व्हिसिंग करून आणली.” पोरे हसली. दाजी मात्र हसले नाहीत. ते बराच वेळ त्या स्टेपनीकडे पाहत उभे होते. रात्री जेवताना त्यांनी आम्हाला विचारलेच नाही, की तुमचा निकाल काय. भाचीला म्हणाले, “सोमवारची वाट कशाला बघायची? उद्याच कळवून टाक. आणि तिकडं कुणी चूक दाखवली म्हणून ओरडलं तर?”

“तिकडं चूक सापडली की आनंद होतो, दादा. न सापडली की झोप लागत नाही.”

ती आता पुण्यात आहे. कर्जाचे हप्ते तिच्या पगारातून जातात. कोणती चिप तपासते ते घरीही सांगायची परवानगी नाही, त्यामुळे बहिणीला शेजारणींना काय सांगावे हा प्रश्न अजून पडतो. दाजी दर महिन्याच्या एक तारखेला विजेच्या मीटरचा आकडा स्वतःच्या वहीत उतरवतात आणि बिल आले की चष्मा लावून दोन्ही शेजारी ठेवतात. गेल्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी वही आमच्यापुढे टाकली आणि म्हणाले, “बघा, तुम्ही एकदा बघा. मी लिहिलंय, म्हणून मी बघून उपयोग नाही.”